दुपारी दोनचा राग

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर राहतो. माझं वय 52. नऊ वर्षांपूर्वी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. आता पाच खोल्या आहेत आणि दुपारची खानावळही. मे महिन्यात रोज चाळीस-पन्नास ताटं होतात. वाटप, कालवण, तळण सगळं माझ्या हातचं. मदतीला सून आणि एक बाई. यजमान मासळी आणतात, मुलगा बुकिंग आणि गाडी बघतो.

सहा वर्षांपासून मला डायबेटीस आहे. सकाळी सातला कोऱ्या चहाबरोबर गोळी घेते, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. बीपीचीही एक आहे. नंतर जमलं तर एखादं घावन उभ्या-उभ्या खाते, नाहीतर तेही राहतं. जेवायला साडेतीन वाजतात. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची साखर 6.3 आली. डॉक्टर म्हणाले, छान.

पण दुपारी माझं तोंड सुटतं. यजमानांना, सुनेला वाट्टेल ते बोलते. गिऱ्हाइकांसमोर मात्र कधी आवाज चढत नाही. गेल्या रविवारी दोन वाजता मुलाचा फोन आला की आणखी सहा माणसं येतायत. सून म्हणाली, 'आई, भात कमी पडेल.' एवढंच. माझ्या हातातला डाव मी भिरकावला. तो नातवाच्या पायाशी पडला. चार वर्षांचा आहे. तेव्हापासून सून माझ्याशी कामापुरतं बोलते आणि नातवाला स्वयंपाकघरात येऊ देत नाही.

भाचा म्हणतो, साखर कमी झाली की माणूस चिडतो, नवरा-बायकोची भांडणंही त्यानेच होतात, मावशी तू गोड खात जा. हे खरं का? की माझा स्वभावच असा झाला? सुनेसमोर कुठल्या तोंडाने जाऊ?

ता. क. मी संकष्टी करते, चंद्रोदयापर्यंत काही खात नाही. करत राहू का?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन वेळा मी कागदावर शेजारी-शेजारी लिहिल्या. गोळी सातला, जेवण साडेतीनला. मध्ये साडेआठ तास, आणि त्यात कधी एक घावन, कधी तेही नाही. पन्नास माणसांना जेवू घालणारी बाई स्वतः त्या वेळात उपाशी उभी आहे, चुलीपुढे, मे महिन्यात. स्वभावाबद्दल बोलण्याआधी या साडेआठ तासांबद्दल बोलू.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. म्हणून गोळीत काही बदल करायचा तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. पण ती गोळी काय करते हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. मेटफॉर्मिन एकटं असतं तर साखर फार खाली जाण्याची भीती सहसा नसते. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. म्हणून ही गोळी नाश्त्याबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या मोठ्या खाण्याबरोबर घ्यायची असते. कोरा चहा म्हणजे खाणं नव्हे.

साखर 70च्या खाली गेली की तिला कमी म्हणतात आणि 54च्या खाली गेली की धोक्याची. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली साधारण वीस टक्के एकटा खातो, आणि त्याचं मुख्य खाद्य ही साखरच. ती घसरली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, म्हणजे अंगावर कुणी धावून आलं तर जे सुटतं तेच. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. साखर आणखी उतरली की विचार तुटतो, शब्द सापडत नाहीत, समोरच्याचं साधं वाक्यही वार केल्यासारखं लागतं. अंग आधीच भांडणाच्या पवित्र्यात असतं आणि त्यात कुणीतरी म्हणतं, भात कमी पडेल.

तुमची अडचण अशी की ही सगळी लक्षणं तुमच्या कामात लपून जातात. घाम आला तर चुलीचा. धडधडलं तर घाईचं. हात थरथरला तर उभं राहून राहून. दुसऱ्या एखाद्या बाईला दुपारी दोनला असा घाम फुटला असता तर तिने विचार केला असता, तुम्ही पदराने पुसून पुढचा बांगडा तव्यावर टाकता. एक फरक लक्षात ठेवा. चुलीचा घाम बाहेर पडवीत वाऱ्याला आलं की बरा वाटतो. साखर उतरल्याचा घाम थंड, चिकट असतो आणि वाऱ्यालाही थांबत नाही. बीपीच्या गोळीचं नाव बघून डॉक्टरांना विचारा. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल या जातीची असेल तर ती धडधड आणि थरथर झाकून टाकते, मग घाम हीच एक खूण उरते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलंय. माझे बाबा शिक्षक होते, वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात. आयुष्यात त्यांनी आईला एकेरी शिवी दिली नव्हती. डायबेटीसच्या गोळ्या सुरू झाल्यावर एका दुपारी, जेवण लांबलेलं होतं, ते शर्टाची बटणं लावत होते. तिसरं बटण दुसऱ्या काजात जात होतं, परत काढायचे, परत तिथेच. वरच्या ओठावर घामाचे थेंब. आई मदतीला गेली तर तिचा हात झटकून असं काही बोलले की मी दारातच थिजले. "माका काय झाला नाय," हे मात्र पुन्हा पुन्हा. आईने पाण्यात साखर ढवळून आणली. पहिला पेला त्यांनी लोटून दिला. दुसरा तिने ओठाला लावून धरला. वीसेक मिनिटांनी ते खुर्चीत बसून जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघत होते आणि त्यांनी विचारलं, "पाणी कुणी सांडलं?" त्यांना आठवतच नव्हतं. आई त्या दुपारनंतर गोळीआधी ताट वाढायची, पण त्यांनी उच्चारलेला तो शब्द ती विसरली असं मला कधी वाटलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तुमच्या सुनेकडे वळू तेव्हा मी इथे परत येईन.

आता भाच्याने सांगितलेलं. त्याने बहुधा वाचलं ते अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ब्रॅड बुशमन यांच्या 2014च्या अभ्यासाबद्दल. 107 जोडपी, 21 दिवस. सकाळी न्याहारीआधी आणि रात्री झोपण्याआधी प्रत्येकाने आपली साखर मोजायची. प्रत्येकाला एक बाहुली दिली होती, ती म्हणजे तुमचा जोडीदार असं समजायचं, आणि 51 टाचण्या. रात्री एकट्याने, जोडीदारावर जितका राग असेल तितक्या टाचण्या त्या बाहुलीला टोचायच्या. ज्यांची रात्रीची साखर कमी, त्यांनी जास्त टाचण्या टोचल्या. पुढे प्रयोगशाळेतल्या एका खेळात आपल्याच जोडीदाराला कर्कश आवाज ऐकवण्याची मुभा होती, तिथेही कमी साखरेच्या माणसांनी मोठा आणि लांबलेला आवाज सोडला.

ऐकायला पटतं. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. दिवसभर भांडण झालं म्हणून कुणी जेवलं नसेल, हेही होऊ शकतं. शिवाय बाहुलीला टाचणी टोचणं आणि माणसावर हात उगारणं यात मोठं अंतर आहे. त्याआधी 2007 साली अमेरिकेतच रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की मनावरचा ताबा हा गाडीतल्या पेट्रोलसारखा आहे, वापरला की साखर खर्च होते आणि गोड सरबत दिलं की टाकी भरते. ती कल्पना फार लोकप्रिय झाली आणि नंतर डळमळली. काही प्रयोगांत लोकांनी साखरपाण्याने नुसती चूळ भरून थुंकली तरी त्यांना हुरूप आला, म्हणजे टाकी भरण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ताबा वापरला की खर्च होतो, हा जो मूळ दावा, तो 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर तपासला तेव्हा जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. भुकेचा आणि चिडचिडीचा संबंध मात्र साध्या निरीक्षणात दिसतो. 2022 मध्ये मध्य युरोपातल्या 64 माणसांनी 21 दिवस मोबाईलवर दिवसातून अनेकदा आपली भूक आणि मूड नोंदवला. भूक जास्त तेव्हा राग आणि चिडचिड जास्त.

मग निष्कर्ष काय? धडधाकट माणसाचं जेवण दोन तास लांबलं तर त्याचं यकृत साठवलेली साखर सोडून रक्तातली पातळी सांभाळतं. अशा माणसाने "साखर कमी होती म्हणून बायकोवर ओरडलो" म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. भाच्याचं वाक्य सगळ्या नवऱ्यांच्या हातात द्यायच्या लायकीचं नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे ती एवढ्याचसाठी की तुमच्या पोटात इन्सुलिन रेटणारी गोळी आहे आणि अन्न नाही. तिथे साखर खरोखर खाली जाऊ शकते.

जाऊ शकते असं म्हणतेय, कारण तुम्ही ती त्या वेळी मोजलेली नाही. 6.3 या आकड्याने फसू नका. ती दोन-तीन महिन्यांची सरासरी, टक्क्यांत मांडलेली, मशीनवरच्या 70 किंवा 54 सारखा आकडा नव्हे. रात्री 190 आणि दुपारी 55 असली तरी सरासरी देखणीच येणार. डॉक्टरांना तुमची दुपार माहीतच नाही, तुम्ही सांगितली नाहीत. आपल्या बायका डॉक्टरांसमोर "जेवण वेळेवर होतं ना?" या प्रश्नाला "हो हो" म्हणून मोकळ्या होतात. यावेळी तसं करू नका. "सातला गोळी, साडेतीनला जेवण, मध्ये हात थरथरतात, डाव फेकला", हे याच शब्दांत सांगा. पुढच्या तपासणीची वाट बघू नका, याच आठवड्यात जा.

ग्लुकोमीटर घरात नसेल तर घ्या. कपाटात असेल तर स्ट्रिप्सच्या डबीवरची मुदत बघा, आपल्या दमट हवेत उघडी डबी राहिली तर आकडे चुकतात. पंधरा दिवस रोज दुपारी एकला आणि राग चढू लागला की तेव्हा, मसाल्याचे हात साबणाने धुऊन, पुसून, बोट टोचा. बोटाला साखर-गूळ लागला असेल तर आकडा खोटा वर दाखवतो. वहीत वेळ, आकडा आणि शेवटचं कधी खाल्लं ते लिहा. ती वही डॉक्टरांसमोर ठेवली की गोळीचं काय करायचं ते त्यांना ठरवता येईल.

70च्या खाली दिसलं तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटं बसून राहा, परत मोजा, वर आलं नसेल तर पुन्हा तेवढंच. मोजायला वेळ नाही आणि थंड घाम फुटलाय, तर आधी साखर, मग मोजणं. तुमच्या घरात साखर घातलेलं कोकम सरबत असेलच, ते चालेल. सोलकढी चालणार नाही, तिच्यात साखर नाही आणि नारळाचा रस आहे. नुसतं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तर खारट. लाडू, चॉकलेट यांतल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात सावकाश जाते, ते नंतर. साखर वर आली की मग पोटभर जेवा, कारण ही गोळी तासन् तास काम करते आणि साखर पुन्हा घसरू शकते. घरच्यांना हेही सांगून ठेवा की तुम्ही बेशुद्ध झालात किंवा गिळता येईना, तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108ला फोन करायचा.

भाचा म्हणतो तसं दिवसभर गोड खात सुटू नका. ते औषध फक्त त्या पंधरा मिनिटांपुरतं.

रोजच्यासाठी उपाय तुमच्या सासूबाईंना माहीत होता. दहा वाजताची पेज. शेतावर असोत की घरात, दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज, सोबत कुळीथ नाहीतर काल उरलेलं काहीतरी, यात कुणी खाडा करत नसे. खानावळ सुरू झाल्यावर तुमच्या घरातून ती वेळ गेली. मी एवढंच म्हणेन की सकाळी गोळीच्या वेळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ किंवा अंडं, दहाला वाटीभर पेज आणि एकला, पहिली पंगत बसण्याआधी, तुमचं छोटं ताट. खाली बसून. मसाल्याच्या डब्यावर बशी ठेवून उभ्याने खाल्लेलं तुम्ही स्वतःही मोजत नाही. किती खायचं ते डॉक्टर सांगतील, पण या वेळा हलवू नका.

आता गिऱ्हाइकांचं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की त्यांच्यासमोर आवाज चढत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. साखर कमी असताना जर राग आपोआप उसळत असता तर पुण्याहून आलेल्या माणसालाही त्याचा चटका बसला असता. म्हणजे त्या अवस्थेतही काहीतरी ब्रेक शिल्लक असतो आणि तो तुम्ही परक्यांसाठी वापरता. जिथे उलट उत्तर येणार नाही तिथे तो सुटतो. डाव फेकला गेला तो सहा माणसं वाढवणाऱ्या मुलासाठी, पण मुलगा फोनच्या पलीकडे होता आणि सून समोर. हे वाचताना वाईट वाटेल, तरी लिहिते, कारण तुम्ही खरं उत्तर मागितलंय.

आणि रागाच्या पोटात एक रास्त तक्रार आहे. दोन वाजता न विचारता सहा पानं वाढवणं चूकच. पन्नास ताटांच्या खानावळीत तुमचं ताट शेवटी लागणं हेही चूकच, आणि ते कुणी कधी ठरवलं नाही, तसंच पडत गेलं. यावर मुलाशी बोला, पण दुपारी नव्हे. संध्याकाळी चहा झाल्यावर, पोटात काही असताना, खळ्यात बसून. साडेबारानंतर नवं गिऱ्हाईक घ्यायचं तर आधी आईला फोन, आणि आई नाही म्हणाली तर नाही, एवढं साधं ठरवून घ्या. यजमानांनाही एक सांगा. यापुढे तुम्ही काही बोललात की "साखर उतरली वाटतं हिची" असं हसण्यावारी न्यायचं नाही. मोजायला सांगायचं, गोड द्यायचं आणि तक्रार लक्षात ठेवून संध्याकाळी तिच्यावर बोलायचं. साखर 60 असतानाही बाईचं म्हणणं बरोबर असू शकतं.

वय 52 आहे. पाळी जाण्याच्या दिवसांत झोप मोडत असेल, अंगातून वाफा येत असतील, थायरॉइड बरेच दिवस तपासलं नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगा. पंधरा दिवसांच्या वहीत आकडे 100च्या वर दिसले आणि राग तरीही तसाच आला, तर मला पुन्हा लिहा. मग आपण वेगळं बोलू.

सुनेसमोर कुठल्या तोंडाने जायचं? याच तोंडाने. तिला खोलीत नेऊन, नातू झोपलेला असताना, आधी फक्त एवढं म्हणा: "मी डाव फेकला. बाळाला लागला असता. चूक माझी आहे आणि तू त्याला आत येऊ देत नाहीस हे बरोबर करतेस." इथे थांबा. साखरेचं नाव या वाक्यांत येऊ देऊ नका. माझ्या आईला कारण कळलं होतं, पण कारण कळल्याने तो शब्द पुसला गेला नाही, आणि बाबांनी तो आठवत नाही म्हणून कधी माफीही मागितली नाही. तुम्हाला आठवतंय. सून काही बोलली तर ऐकून घ्या, नाही बोलली तरी चालेल. साखरेची गोष्ट दोन दिवसांनी सांगा, मशीन हातात घेऊन, आणि विचारा की एक वाजता माझं बोट टोचून आकडा लिहिशील का. हो म्हणाली तर ती रोज दोन मिनिटं तुमचा हात हातात धरणार आहे. नको म्हणाली तर मदतीच्या बाईला शिकवा आणि आग्रह धरू नका. नातवाला स्वयंपाकघरात कधी आणायचं ते सुनेलाच ठरवू द्या.

संकष्टीबद्दल. चंद्रोदय कधी नऊला, कधी दहाच्या पुढे. सकाळी ही गोळी घ्यायची आणि तोवर काही खायचं नाही, हे माझ्या मते करूच नये. गोळी आपल्या मनाने टाळणंही तितकंच वाईट. डॉक्टरांकडे जाल तेव्हा हाही प्रश्न घेऊन जा. त्यांचं उत्तर मिळेपर्यंत येणाऱ्या संकष्टीला दुर्वा वाहा, मोदक करा आणि दहा वाजता पेज घ्या.